वामकुक्षीचं गणित: जठरातला प्रवाह घरच्या लॅपटॉपवर

मिरजेचे एक डॉक्टर आमच्या चांगल्या ओळखीचे. पोटविकारवाले. एका रविवारी दुपारी सांगलीच्या विश्रामबागेत आमच्याकडे जेवायला होते. पंगत उठली, बडीशेप फिरली, आणि मी नेहमीप्रमाणे डाव्या कुशीवर कलंडायची तयारी करत असताना ते म्हणाले, "तुम्ही पंपाची, पाइपांची रंगीत चित्रं काढता ना संगणकावर? मग एकदा वामकुक्षीचं काढा की. डाव्या कुशीवर झोपलं की पोटातलं नेमकं जातं कुठं?"

मी मेकॅनिकलवाला माणूस. "आठवड्यात देतो," म्हणून बसलो. लागले पाच महिने. त्यातले तीन चुका करण्यात गेले, आणि खाली जे लिहितोय ते मुख्यतः त्या तीन महिन्यांचं आहे. फ्लुइड मेकॅनिक्सचा एक पेपर दिलेला, लिनक्सला न घाबरणारा कोणीही हे करू शकतो. मी ओपनफोम (प्रवाहाचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) आणि पॅराव्ह्यू (त्याची चित्रं दाखवणारा) वापरलं. दोन्ही फुकट आहेत आणि आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालतात. आज्ञांची जंत्री देत नाही, ती ओपनफोमसोबत येणाऱ्या उदाहरणांत मिळते. कुठली पायरी आधी, कुठली नंतर, आणि पाय कुठं घसरतो, ते सांगतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. पोटातलं मिसळणं म्हणून जे देखणं चित्र आपण दाखवतो, त्यातलं बरंचसं मिसळणं पोटानं केलेलंच नसतं. ते आपल्या मेशनं केलेलं असतं, म्हणजे गणितासाठी जागेचे बारीक खण (सेल) पाडून आपण जी जाळी विणतो तिनं.

मापं आधी

जठर म्हणजे मिक्सरचं भांडं नव्हे. त्यात पातं नाही, वेग नाही. वरचा घुमटासारखा भाग फंडस, मधला मुख्य पिशवीचा भाग, आणि खाली उजवीकडे वळून निमुळतं होत गेलेलं अँट्रम. अँट्रमच्या टोकाला पायलोरस ही झडप, तिच्यापलीकडे लहान आतडं. रिकाम्या पोटी आत जेमतेम पन्नासेक मिलिलिटर रस असतो. जेवल्यावर पिशवी लिटर-दीड लिटरपर्यंत ताणते.

भिंतीवर आकुंचनाच्या लाटा साधारण मध्यापासून सुरू होतात आणि पायलोरसकडे सरकतात. मिनिटाला तीन, म्हणजे दर २० सेकंदांनी एक. सरकण्याचा वेग सेकंदाला सुमारे २.५ मिमी. हे दोन आकडे पाठ करा, कारण बाकी सगळं त्यांच्यावर उभं आहे. दोन लाटांमधलं अंतर गुणाकारानंच येतं: ५० मिमी. लाट पायलोरसपासून १५ सेंमी अलीकडे सुरू होत असेल तर तिला पोचायला ६० सेकंद लागतात, म्हणजे कुठल्याही क्षणी जठरावर तीनेक लाटा असणार. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर, बेरियमच्या तपासणीत तशाच दिसतात." वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न घालून एक्स-रेखाली हेच पाहिलं होतं. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

पायलोरस चाळणीसारखंही काम करतं. एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण ते सहसा पुढं सोडत नाही. तो कण मागं ढकलला जातो, पुढच्या लाटेत पुन्हा भरडला जातो.

लॅपटॉप उघडण्यापूर्वी एक तास कागदावर

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती.

समजा पायलोरस बंद आहे आणि लाट त्याच्या दिशेनं येतेय. पुढचा द्रव कोंडला जातो. त्याला जायला वाट एकच, लाटेच्या आवळलेल्या गळ्यातून मागं. किती वेगानं? लाटेवर बसून बघा. पुढचा स्थिर द्रव आपल्याकडे २.५ मिमीच्या वेगानं येताना दिसेल आणि गळ्यातून जाताना क्षेत्रफळाच्या प्रमाणात वेग घेईल. गळ्याची त्रिज्या मूळच्या ४० टक्के उरली असेल तर क्षेत्रफळ उरलं १६ टक्के, म्हणजे वेग सव्वासहा पट. त्यातून लाटेचा स्वतःचा वेग वजा करा: २.५ गुणिले ५.२५, म्हणजे सेकंदाला १३ मिमी, उलट दिशेनं. मध्यरेषेवर याच्या दुप्पट, साधारण २६. त्रिज्या २० टक्क्यांवर आली तर सरासरी एकदम ६० मिमी. अन्न मागं उसळवणारी जी धार सगळ्या शोधनिबंधांत भेटते ती हीच. तिच्यासाठी सुपरकॉम्प्युटर नको, पाटीवरचं गणित पुरतं. तुमच्या सिम्युलेशननं अशा ठिकाणी १३ ऐवजी ४० दाखवले तर चूक पोटाची नाही.

आता रेनॉल्ड्स अंक, म्हणजे द्रवाची धाव त्याच्या चिकटपणाला किती भारी पडते त्याचं माप. तो लहान असेल तर प्रवाह शांत, हजारोंत गेला तर खळाळता. गळ्याचा व्यास ८ मिमी, वेग १३ मिमी, द्रव पाण्यासारखा पातळ: अंक येतो शंभराच्या आसपास. द्रव पाण्याच्या शंभर पट दाट (म्हणजे चिकट, जड नव्हे) असेल तर एक. दोन्हीकडे प्रवाह शिस्तीतलाच. माझ्या हाताखालच्या एका मुलानं सवयीनं के-एप्सिलॉन हे खळाळत्या प्रवाहाचं (टर्ब्युलन्सचं) मॉडेल लावलं होतं, कारण "पंपाच्या केसमध्ये तेच होतं". पोटात टर्ब्युलन्स मॉडेल बंद. लॅमिनार, म्हणजे शिस्तीतला, असं लिहा आणि पुढं चला.

तिसरा हिशेब विसरणाचा, डिफ्यूजनचा. पाण्यात विरघळलेलं मीठ किंवा साखर आपणहून पसरते तो गुणांक सेकंदाला १०⁻⁹ चौरस मीटरच्या घरात. एक सेंटिमीटर अंतर निव्वळ पसरून कापायला १ लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास. दुपारचं जेवण उद्या संध्याकाळी मिसळणार! पोटाला ते परवडत नाही, म्हणून ते द्रव ताणतं, दुमडतं, पुन्हा ताणतं. पुरणपोळी लाटताना पुरण पातळ होत कडेपर्यंत जातं ना, तसंच. पुरण विरघळत नाही, फक्त थर पातळ होत जातात. हा फरक डोक्यात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पहिलं मॉडेल: सरळ नळी

जठराच्या आकाराला अजून हात लावू नका. आधी सरळ गोल नळी घ्या आणि तिच्या भिंतीवर साइनसारखी लाट सोडा. कारण या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर आपल्याकडे आहे. शपीरो, जॅफ्रिन आणि वाईनबर्ग या तिघांनी १९६९ मध्ये ते मांडलं. लाट लांब आणि रेनॉल्ड्स अंक लहान असेल, आणि नळीच्या दोन्ही टोकांना दाब सारखा असेल, तर सरासरी किती द्रव पुढं जातो याचं सरळ सूत्र आहे.

लाटेची उंची भागिले सरासरी त्रिज्या, या गुणोत्तराला फाय म्हणू. फायचा वर्ग घ्या. त्याला १६ वजा तोच वर्ग यानं गुणा. मग २ अधिक वर्गाची तिप्पट घ्या, त्या बेरजेची दुप्पट करा, आणि तिनं भागा. जे येईल त्याला नळीचं क्षेत्रफळ आणि लाटेचा वेग यांनी गुणलं की प्रवाह मिळाला. सूत्र बरोबर लिहिलंय का हे बघायला फाय १ ठेवा, म्हणजे नळी पूर्ण आवळली जाते, उत्तर १.५ यायला हवं.

माझे आकडे देतो, तुम्हीही हेच घ्या. सरासरी त्रिज्या १० मिमी, फाय ०.६, लाटेची लांबी १०० मिमी, वेग २.५ मिमी, द्रव पाण्याच्या शंभर पट दाट. सूत्रातून गुणांक येतो ०.९१४ आणि प्रवाह सेकंदाला ०.७१८ मिलिलिटर. याशिवाय दोन जागा तपासा. लाट जिथं सर्वांत फुगलेली आहे तिथं सरासरी वेग पुढच्या दिशेनं २.२४ मिमी. जिथं सर्वांत आवळलेली आहे तिथं उलट दिशेनं १.६६. म्हणजे एकूण माल पुढं जातोय, पण गळ्यात मात्र तो मागं येतोय. हे चित्र पडद्यावर उमटलं तेव्हा मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो.

बांधणी अशी करा. नळी २०० मिमी लांब, म्हणजे बरोबर दोन लाटा. अर्धवट लाट ठेवली तर सूत्राशी तुलना होत नाही. अख्खी गोल नळी नको, पाच अंशांची फोड पुरते, कलिंगडाच्या पातळ फाकेसारखी. ओपनफोममध्ये तिला वेज म्हणतात. लांबीत ४०० सेल, त्रिज्येत २०, एकूण ८,०००. टाइमस्टेप, म्हणजे गणिताची काळातली एकेक पायरी, ०.०५ सेकंद. लाटेचा एक फेरा ४० सेकंदांचा. पहिला फेरा सोडून द्या, दुसऱ्याची सरासरी घ्या. चहा होईपर्यंत हे संपतं.

लाट शंभर मिलिमीटर लांब असली तरी अनंत लांब नाही, त्यामुळे उत्तर सूत्रापेक्षा किंचित वेगळं येईल. मी दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतो. दहा टक्के आला तर पुढची पायरी घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

भिंत हलवताना

नळीत सर्वांत सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक बिंदू फक्त त्रिज्येच्या दिशेनं, भिंतीच्या प्रमाणात हलवायचा. भिंत ४० टक्क्यांवर आली की आतला प्रत्येक बिंदूही त्याच्या मूळ अंतराच्या ४० टक्क्यांवर. मग गळ्यातसुद्धा त्रिज्येत वीसच्या वीस सेल राहतात, एकही चिरडत नाही. नुसती भिंत हलवून आतलं मेश प्रोग्रॅमवर सोपवलं तर गळ्यातल्या सेलची कागदासारखी चिपटी होते.

भिंतीपाशी वेगाची अट नीट बघा. स्थिर भिंतीची शून्य वेगाची अट इथं चालत नाही. हलत्या भिंतीची वेगळी अट आहे, मूव्हिंग वॉल व्हेलॉसिटी नावाची. ती विसरलात तर द्रव भिंतीतून झिरपल्यासारखा वागतो, आणि दुःख हे की चित्र तरीही सुंदर दिसतं.

लाट एकदम पूर्ण उंचीनं सुरू करू नका. पहिल्या दहा सेकंदांत हळूहळू वाढवा.

आणि आता तो सापळा ज्यात मी नऊ दिवस अडकलो. नळीतून जठराच्या पिशवीवर गेलो, पायलोरस बंद ठेवलं, वरचं टोकही बंद ठेवलं, लाट सोडली. दाब कोटीत गेला आणि गणित फुटलं. मी सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) बदलला, टाइमस्टेप दहा पट लहान केली, मेश बारीक केला, एक रात्र नुसता देवाचा धावा केला. शेवटी बायको म्हणाली, "बाटली पाण्यानं गच्च भरून बूच लावलं आणि दाबली तर दबेल का?" दबणार नाही. भिंत आत आली म्हणजे घनफळ घटलं, पाणी तर आक्रसत नाही, मग ते जाणार कुठं? उपाय दोन. वरच्या टोकाला एक मोकळं तोंड ठेवायचं, जिथून द्रव ये-जा करेल. किंवा लाटेनं जितकं घनफळ कमी केलं तितकंच फंडसची भिंत बाहेर सरकवून वाढवायचं. दुसरा उपाय शरीराच्या जास्त जवळ, कारण फंडस खरोखरच सैल पडून जागा करून देतं. पहिला सोपा. मी पहिल्यावर काम भागवलं.

यापुढं प्रत्येक रनमध्ये एक हिशेब लावून ठेवा: भिंतीनं किती घनफळ दाबलं आणि तोंडातून किती बाहेर गेलं. दोन्ही जुळत नसतील तर बाकीचं काही बघूच नका. हिशेब न जुळणारी वही आणि न जुळणारं सिम्युलेशन यांत फरक एवढाच की वहीला रंग नसतात.

रंग सोडणं, आणि रंगाचं खोटं

आता मुख्य मुद्दा. प्रवाह बरोबर आला की सगळ्यांना घाई होते ती रंग सोडायची. अर्ध्या जठरात लाल, अर्ध्यात निळा, दोन मिनिटांत सगळं जांभळं. टाळ्या.

पण हिशेब करा. साध्या अपविंड पद्धतीनं (प्रत्येक सेल प्रवाहात आपल्या मागच्या सेलचा रंग उचलते) रंग वाहून नेला तर गणित स्वतःचं एक खोटं विसरण त्यात मिसळतं. त्याचा गुणांक साधारण वेग गुणिले सेलची लांबी भागिले दोन. वेग २.५ मिमी, सेल १ मिमी: उत्तर १.२५ गुणिले १०⁻⁶. खरं विसरण १०⁻⁹. म्हणजे बाराशे पन्नास पट! एक सेंटिमीटर मिसळायला निसर्गाला २८ तास लागले असते, तुमच्या मेशला ८० सेकंद. त्या जांभळ्या रंगात जठराचा वाटा किती आणि सेलचा किती, हे चित्र बघून ओळखता येत नाही.

हे डोळ्यांनी पटायला स्वयंपाकघरात एक प्रयोग करा. मेडिकलमधून ग्लिसरीनची मोठी बाटली आणा. एक रुंद काचेचा ग्लास, त्यात मधोमध एक अरुंद ग्लास उभा ठेवा, दोघांत सेंटिमीटरभर फट राहील असा. फटीत ग्लिसरीन भरा, बुडबुडे बसू द्या. थोड्या ग्लिसरीनमध्ये खायचा रंग कालवून सुई लावलेल्या सिरिंजनं फटीत एक थेंब सोडा. आता आतला ग्लास अगदी हळू, जागच्या जागी, तीन वेळा फिरवा. थेंब ताणला जातो, रेघ होते, मग नुसता फिका पट्टा. मिसळलं, असं वाटतं. आता तितक्याच हळू तीन फेरे उलटे फिरवा. पट्टा गोळा होत होत थेंब परत येतो, कडेनं जरासा धूसर, पण जिथून निघाला तिथंच. आमच्या भाच्यानं हे बघितलं आणि व्हिडिओ उलटा चालवलाय म्हणून माझ्यावर आरोप केला.

दाट द्रव, संथ चाल: अशा प्रवाहात नुसतं ताणणं परत फिरवता येतं. ते मिसळणं नव्हे.

हाच प्रयोग सिम्युलेशनवर करा, माझ्या मते ही सगळ्यांत कामाची कसोटी आहे. दाट द्रवाची नळी घ्या. रंगाचं विसरण शून्य ठेवा. लाट एक फेरा पुढं चालवा, मग तोच फेरा उलटा. रेनॉल्ड्स अंक पुरेसा लहान असेल तर रंग जसाच्या तसा परतायला हवा. जितका परतला नाही, तितकं खोटं मिसळणं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा काठोकाठ लाल असलेला पट्टा परतला तो गुलाबी धुकं होऊन. तोवर तीन जणांना मी ते जांभळं चित्र अभिमानानं दाखवून बसलो होतो.

मग करायचं काय? अपविंड सोडा, व्हॅन लीरसारखी दुसऱ्या दर्जाची मर्यादित पद्धत घ्या. खोटं विसरण बरंच उतरतं, पण जात नाही. म्हणून मिसळणं मोजताना मी रंगावर विसंबत नाही, कण सोडतो. वजन नसलेले दहा-वीस हजार कण, प्रत्येकाला एक रंग, आणि प्रत्येकाची वाट चौथ्या दर्जाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीनं (पुढची जागा अचूक काढायची गणिती रीत). कणाला धूसर होणं माहीतच नाही. तो इथं असतो किंवा तिथं. त्याची चूक वाट चुकण्याची असते, रंग फिका पडण्याची नाही, आणि ती टाइमस्टेप लहान करून तपासता येते.

मोजायचं असं. जठराचे सारखे खण पाडा, समजा १० मिमीचे. प्रत्येक खणात लाल कणांचं प्रमाण काढा, आणि सगळ्या खणांमधलं त्या प्रमाणाचं व्हेरियन्स, म्हणजे ते सरासरीपासून किती विखुरलंय त्याचं माप. सुरुवातीला निम्मे लाल, निम्मे निळे, पूर्ण वेगळे: व्हेरियन्स ०.२५. सगळीकडे सारखे झाले तर शून्याजवळ. आत्ताचं भागिले सुरुवातीचं, हा झाला विलगतेचा अंक. डँकवर्ट्स यांनी रासायनिक उद्योगातल्या मिश्रणांसाठी १९५२ मध्ये मांडलेली कल्पना हीच. खणाचं माप मात्र नेहमी सांगा. मोठे खण घेतले तर सगळंच मिसळलेलं दिसतं. एका खणात निदान वीस-तीस कण असू द्या, नाहीतर नुसत्या योगायोगानं अंक डोलतो.

नळीतून जठराकडे

आकारासाठी हौशी माणसानं एमआरआयच्या मागं लागू नये. इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली एक मध्यरेषा काढा, आणि तिच्यावर ठिकठिकाणी व्यास द्या: फंडसला आठ-दहा सेंमी, अँट्रमला तीन-चार, पायलोरसला सेंटिमीटरभर. लाटेची उंची मध्यापाशी शून्य आणि पायलोरसकडे जाताना वाढत जाणारी. आत अर्धा लिटर द्रव आणि पोट पूर्ण भरलेलं धरा, हवा नाही. ही सोय आहे, सत्य नाही. त्यावर पुढं येतो.

मेशचा खर्च आधीच काढा. अर्धा लिटर म्हणजे ५ लाख घन मिमी. सेल २ मिमीची असेल तर ६२,५०० सेल. १ मिमीची तर ५ लाख. अर्ध्या मिमीची तर ४० लाख. सेल निम्मी केली की संख्या आठ पट आणि टाइमस्टेपही निम्मी, म्हणजे काम सोळा पट. माझं २ मिमीचं मॉडेल जेवण होईपर्यंत संपायचं, १ मिमीचं रात्रभर. अर्ध्या मिमीचं मी फक्त अँट्रमपुरतं केलं. तिन्ही मापांवर विलगतेचा अंक काढा. तो माप बदलताच बदलत राहिला तर तुम्ही अजून मेशच मोजताय.

प्रत्येक वेळी चेकमेश (मेश तपासणारी आज्ञा) चालवा, तेही लाट पूर्ण आवळलेल्या क्षणी. सुरुवातीच्या गोंडस आकारावर तो नेहमीच पास होतो.

आणि दर दोन मिनिटांनी निकाल साठवायला लावा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भारावर पाऊण तास टिकते, रन टिकत नाही.

या टप्प्यावर तुम्हाला जे दिसेल ते साधारण असं: अँट्रममध्ये मागं उसळणारी धार आणि लाटांच्या जोड्यांमध्ये भोवरे, फंडसमध्ये जवळपास शांतता. अनुपम पाल, जेम्स ब्रॅस्यूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एमआरआयवरून बेतलेल्या दुमितीय मॉडेलमध्ये हेच दाखवलं होतं. त्याच गटानं पुढं २००७ मध्ये आणखी मजेशीर गोष्ट मांडली: फंडसमधून निघून थेट पायलोरसपर्यंत जाणारी एक अरुंद वाट, जिच्यातून काही द्रव न मिसळताच दहा मिनिटांच्या आत बाहेर पडू शकतो. तिला त्यांनी जठराचा रस्ता म्हटलंय. कोल्हापूर रोडला गर्दी असताना माहीतगार माणूस गल्लीबोळातून निघून जातो, तसं. ही वाट बघायची तर पायलोरस उघडं ठेवून कण सोडा, आणि बाहेर पडलेला प्रत्येक कण मुळात कुठं होता ते उलट शोधून त्या जागेला रंग द्या.

आता कुशी

डॉक्टरांचा प्रश्न हा, आणि इथं पहिल्याच फटक्याला फसायला होतं. मी गुरुत्वाकर्षण चालू केलं, दिशा डावीकडे वळवली, रन लावला. काहीही बदललं नाही. उजवीकडे वळवली. तरीही नाही. बरोबरच आहे: भरलेल्या पिशवीत सगळीकडे घनता एकच असेल तर गुरुत्व फक्त दाब बदलतं, प्रवाह नाही. कुशीला अर्थ येतो तो आत जड-हलकं असेल तेव्हाच.

आणि जडपणा किती लागतो? फक्त एक टक्का घ्या, किंचित गोड पाण्याइतका. पाच सेंटिमीटर उंचीत एवढ्या फरकानं जो वेग तयार होऊ शकतो तो सेकंदाला ७० मिमीच्या घरात. लाट चालते अडीच मिमीनं. म्हणजे पातळ द्रवात एक टक्क्याचा जडपणा लाटेला सहज भारी पडतो. दाट घासात हा वेग पुष्कळ कमी होतो, पण दिशा तीच राहते.

करायचं असं. रंगाचं प्रमाण घनतेला जोडा, बुसिनेस्क पद्धतीनं (घनतेतला फरक फक्त वजनात धरायचा, बाकी गणितात नाही). फरक काही टक्क्यांच्या आत आहे तोवर ती चालते. जड थेंब मध्यभागी सोडा. तीन रन: उभं, उजवी कूस, डावी कूस. मेश तोच, लाटा त्याच, फक्त गुरुत्वाची दिशा वेगळी. उजव्या कुशीवर पायलोरसची बाजू खाली येते, जड माल तिकडे घरंगळतो आणि लाटांच्या तोंडी सापडतो. डाव्या कुशीवर फंडस खाली, माल तिथं जाऊन बसतो, आणि लाटा भलतीकडेच मेहनत करत राहतात.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रजत मित्तल यांच्या गटानं २०२२ मध्ये गोळी विरघळण्याचं सिम्युलेशन याच प्रश्नावर प्रसिद्ध केलं. उजव्या कुशीवर गोळीला १० मिनिटं लागली तर उभ्यानं २३, आणि डाव्या कुशीवर शंभराच्या वर. त्यांचं मॉडेल माझ्यापेक्षा कितीतरी थोर, पण क्रम तोच आला. हे आकडे वाचून घरातल्या म्हाताऱ्यांना कूस बदलायला लावू नका. तो सिम्युलेशनमधला एक नमुना आहे. औषधाचं डॉक्टरांना विचारा.

दाट जेवणाबद्दल थोडक्यात. ताक पाण्यासारखं धरलं तर चालतं. आमटी-भात कालवून खाल्लेला घास मात्र जितका जोरात ढवळाल तितका पातळ वागतो. त्याला पॉवर-लॉ मॉडेल लावा. फरक गळ्यात दिसतो: तिथं घासलं जाणं जास्त, म्हणून द्रव तिथं पातळ आणि इतरत्र दगड. भाकरीचे तुकडे, शेंगदाणे, भडंग असले घन पदार्थ मी सोडून दिले. ते सगळं वेगळं शास्त्र आहे, आणि मला नोकरीही करायची असते.

पाच महिन्यांनी डॉक्टरांना बोलावलं. तिन्ही कुशी शेजारी शेजारी लावून दाखवल्या. उलट फेऱ्याची कसोटी दाखवली, विलगतेचे आलेख दाखवले. त्यांनी चष्मा वर करून डाव्या कुशीचं चित्र दोनदा बघितलं. मग फंडसच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथं हवा असते ना हो. जेवण झाल्यावर तर हमखास. ढेकर कुठाय तुमची?"

मी म्हटलं, बसा. चहा टाकतो.